धडा वर्गाबाहेर नेताना: प्राथमिक वर्गासाठी परिसर-प्रकल्प कसा उभा करावा

मी घेतलेला पहिला 'सामाजिक प्रकल्प' म्हणजे स्वच्छतेची फेरी. दोन दिवस फलक रंगवण्यात गेले. तिसऱ्या दिवशी घोषणा देत शाळेभोवती एक चक्कर, मग फोटो, आणि झालं. फलक कपाटामागे गेले. पुढच्या आठवड्यात चौथीतल्या एका मुलीने मधल्या सुट्टीत विचारलं, "बाई, कचरा तर तिथंच आहे. मग आपण सांगितलं कोणाला?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. कोणालाच सांगितलं नव्हतं. कोणी काही विचारलंही नव्हतं.

त्यानंतर प्रत्येक प्रकल्पाआधी मी स्वतःला एकच प्रश्न घालते: या उत्तराची वाट शाळेबाहेर कोण पाहतंय? असा माणूस सापडला की पुढचं बरंचसं काम आपोआप वळणावर येतं. मुलं काळजीपूर्वक मोजतात, कारण त्या आकड्यावर कोणीतरी काहीतरी ठरवणार असतं. अक्षर नीट काढतात, कारण ते पत्र खरोखर वाचलं जाणार असतं. असा माणूस नसेल, तर कितीही सुंदर प्रकल्प शेवटी तक्त्यावर चिकटवून संपतो.

शाळा आणि बाहेरचं जग जोडण्याचा विचार काही नवा नाही. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ जॉन ड्यूई यांनी १८९६ मध्ये शिकागो विद्यापीठात प्रयोगशाळा-शाळा, म्हणजे शिकवण्याच्या नव्या रीती करून बघायची शाळा, सुरू केली. तिथली मुलं स्वयंपाक, विणकाम, सुतारकाम करता करता मोजमाप आणि विज्ञान शिकत होती. त्यांच्याच विचारांचे शिक्षणतज्ज्ञ विल्यम किलपॅट्रिक यांनी १९१८ मध्ये 'प्रकल्प पद्धती'वर निबंध लिहिला आणि हा शब्द शिक्षकांच्या तोंडी रुळला. १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हाताच्या कामातून शिक्षण ही कल्पना मांडली. अडचण कल्पनेची कधीच नव्हती. ती आहे सोमवारी तिसऱ्या तासाला नेमकं काय करायचं याची. म्हणून हा लेख तासांच्या आणि वहीच्या भाषेत लिहिला आहे.

सुरुवात पाठ्यपुस्तकातून

आधी प्रकल्प आठवायचा आणि मग त्यात विषय कोंबायचे, ही उलटी गंगा मी बरीच वर्षं वाहवली. 'वृक्षारोपण करू, त्यात गणित म्हणून झाडं मोजू.' झाडं सात. पहिलीची मुलंही हसली.

सरळ रीत अशी: येत्या सहा आठवड्यांत तुम्ही तसेही शिकवणार आहात असे दोन घटक घ्या, शक्यतो दोन वेगळ्या विषयांतले. उदाहरणार्थ, चौथीला गणितात धारकता (लिटर-मिलिलिटर) आणि भाषेत पत्रलेखन. मग विचार करा, शाळेपासून चालत दहा मिनिटांच्या अंतरात हे दोन्ही एकदम कुठे लागतात? धारकता म्हटलं की पाणी आलं, पाणी म्हटलं की गळके नळ आले, आणि नळ दुरुस्त व्हायचे तर कोणाला तरी पत्र लिहावं लागणार. झाला प्रकल्प.

एका कार्डावर तीनच ओळी लिहून ठेवा: मुलं कोणता घटक शिकणार, काय मोजणार किंवा शोधणार, आणि उत्तर कोणाला देणार. तिसरी ओळ कोरी राहिली तर थांबा. पहिली ओळ 'जाणीव-जागृती' अशी काहीतरी मोघम झाली तरी थांबा. मुख्याध्यापकांनी किंवा पालकांनी "अभ्यासक्रम मागे पडतोय" म्हटलं, तर हेच कार्ड पुढे करता येतं.

उत्तर हवं असलेला माणूस

ही पायरी मुलांच्या आधी, शिक्षकाने एकट्याने उरकायची. निदान पंधरा दिवस आधी. वाचनालय सांभाळणाऱ्या बाई, बागेचे माळी, पाणी सोडणारे, आरोग्यसेविका, सोसायटीचे सचिव, इतकंच काय शाळेचे शिपाई, यातलं कोणीही चालतं. मोठ्या हुद्द्याचा माणूस लागत नाही. उलट हुद्दा जितका मोठा, तितकी मुलांशी बोलायला सवड कमी.

विचारायचं कसं, यावर बरंच अवलंबून असतं. "मुलांसाठी काही करता येईल का?" असं विचारलं की समोरचा भाषण आणि सत्काराची तयारी करतो. त्याऐवजी विचारा, "तुम्हाला एखादी गोष्ट मोजून किंवा विचारून हवी आहे, पण तुम्हाला वेळ मिळत नाही, असं काही आहे का?" वाचनालयाच्या बाईंनी मला क्षणाचा विलंब न लावता सांगितलं होतं: "दुपारी लहान मुलं का येत नाहीत, ते सांगा." अशा वाक्यात अख्खं सहामाहीचं काम असतं.

आणि त्यांच्याकडून एक कबुली आधीच घ्या: मुलं उत्तर घेऊन आली की पंधरा मिनिटं बसून ऐकायचं आणि होय, नाही किंवा इतक्या दिवसांनी, यातलं एक उत्तर द्यायचं. 'नाही' चालतं. मौन चालत नाही. एका वर्षी आम्ही एका कार्यालयाला आधी न भेटता थेट निवेदन पाठवलं. सत्तावीस सह्या, सुबक तक्ता, सगळं काही. उत्तर आलंच नाही. मुलं दोन महिने रोज विचारत होती, "बाई, आलं का?" चूक कार्यालयाची होती तितकीच माझीही. मी मुलांना ज्याचं वचन दिलं, ते माझ्या हातात नव्हतं.

प्रश्न चाळून बारीक करणं

आता मुलांना सामील करा. पाहुण्याला वर्गात बोलवा किंवा वर्ग त्यांच्याकडे न्या, आणि त्यांची अडचण त्यांच्याच तोंडून ऐकू द्या. मग फळ्यावर मुलांचे प्रश्न जसेच्या तसे लिहा. पहिले प्रश्न भलेमोठे येतील: 'पाणी का वाया जातं?' 'लोक नळ बंद का करत नाहीत?' 'जगातलं पाणी संपेल का?' एकही खोडू नका. प्रत्येक प्रश्नाला वर्गानेच तीन चाळण्या लावायच्या:

- हे आपल्याला चालत जाऊन बघता, मोजता किंवा विचारता येईल का?
- दोन फेऱ्यांत होईल का?
- उत्तर कळल्यावर त्या माणसाला काही वेगळं करता येईल का?

जगातलं पाणी पहिल्याच चाळणीत अडकतं. 'लोक नळ बंद का करत नाहीत' हा तिसऱ्या चाळणीत लटकतो. शेवटी उरतं ते साधंच: 'आपल्या भोवतालचे कोणते नळ गळतात आणि एका दिवसात किती पाणी जातं?' या चाळणीला एक पूर्ण तास द्या, दोन दिलेत तरी वाया जात नाहीत. मोठा प्रश्न लहान करता येणं हे मला पूर्ण प्रकल्पातलं सगळ्यात मोलाचं कौशल्य वाटतं. मोठी माणसंही इथंच गडबडतात.

परवानग्या आणि सुरक्षितता

इथे फार पाल्हाळ नको, पण काही सुटायलाही नको. मुख्याध्यापकांची लेखी परवानगी, पालकांना तारीख-वेळ-मार्ग सांगणारी चिठ्ठी, फोटोसाठी वेगळी संमती. मार्ग स्वतः एकदा त्याच वेळी चालून बघा. सकाळी शांत असलेला रस्ता शाळा सुटताना वेगळाच असतो. चार-पाच मुलांच्या गटामागे एक मोठं माणूस असावं. कोणाला दमा आहे, कोणाला मधमाशीच्या डंखाने त्रास होतो, ही यादी खिशात हवी. मुलांनी अनोळखी घरात शिरायचं नाही, प्रश्न दारातच विचारायचे. आणि ज्या मुलाला चालायला त्रास होतो, तो 'वर्गात थांबेल' असं ठरवून टाकू नका. मार्ग त्याला जमेल असा आखा. तो जमत नसेल, तर प्रकल्पाचा नवा विषय तुमच्या हाती आयताच लागला आहे, त्यावर पुढे येतेच.

बाहेर पडण्याआधी वर्गात तालीम

अनेक प्रकल्प इथे फसतात. मुलांच्या हातात कागद-पेन्सिल देऊन बाहेर सोडलं की परत येतात तेव्हा कागदावर असतं: 'नळ – खूप गळतो. नळ – थोडा गळतो. मांजर दिसलं.'

म्हणून आधी वर्गात खोटा नळ करा. प्लास्टिकच्या बाटलीच्या झाकणाला टाचणीने भोक पाडा, तळाला हवेसाठी एक भोक ठेवा, बाटली उलटी टांगा, खाली मोजपात्र ठेवा. आता चार जणांच्या गटाने एका मिनिटात किती थेंब पडतात ते मोजायचं. एक घड्याळ बघणारा, एक मोजणारा, एक लिहिणारा आणि एक तपासनीस. तपासनीस मनातल्या मनात वेगळं मोजतो. मग दोघांचे आकडे पडताळायचे.

माझ्या वर्गात पहिल्या खेपेला एकाच बाटलीचे आकडे आले ५२, ६१, ४८ आणि ७०. मुलं भांडायला लागली, कोणाचं खरं? हे भांडण मिटवायला जाऊ नका. "सगळ्यांचं सारखं यायला काय करावं लागेल?" एवढंच विचारा. पाच-सात मिनिटांत मुलांनीच नियम काढले: 'सुरू' म्हटल्यावर पडलेला थेंब पहिला, मिनिट संपताना लोंबणारा थेंब धरायचा नाही, प्रत्येक नळ तीनदा मोजायचा आणि मधली संख्या घ्यायची. पाठ्यपुस्तकात मध्यक पुढे कधीतरी येतो. इथे तो गरज म्हणून आला.

नोंदीचा तक्ताही मुलांनाच आखू द्या. आधी स्वतःच्या मनाने आखतील, खोट्या नळावर वापरतील, आणि मग कळेल की ठिकाण लिहायला रकानाच नाही. दुसऱ्या खेपेचा तक्ता पहिल्यापेक्षा कितीतरी चांगला असतो. छापील तक्ता वाटला की हे सगळं हुकतं. माझ्या अनुभवात छापील तक्त्याने वेळ वाचतो, शिकणं मात्र त्याच वेळात असतं.

लोकांशी बोलायचं असेल तर प्रश्न विचारण्याचीही तालीम लागते. एका मुलाने आजोबांना विचारलं, "तुमच्या लहानपणी इथे विहीर होती का?" आजोबा म्हणाले, "हो." मुलगा वहीत 'हो' लिहून गप्प. वर्गात आम्ही तोच प्रश्न फिरवून बघितला: "लहानपणी पाणी कुठून आणायचात?" "आणायला कोण जायचं?" "उन्हाळ्यात काय व्हायचं?" 'का, कसं, कोण, तेव्हा काय झालं' यांनी सुरू होणारे प्रश्न माणसाला बोलतं करतात, 'आहे का, होतं का' वाले गप्प करतात, हे मुलांना एकमेकांची मुलाखत घेताना चटकन उमगतं. प्रश्नार्थक वाक्यांचा धडा याहून चांगला मला तरी शिकवता आलेला नाही.

प्रत्यक्ष फेरी

चाळीस मिनिटं, फार तर एक तास. पुठ्ठ्याला चिमटा लावलेला कागद, पेन्सिल (पेन पावसात पसरतं), मोजपात्र, घड्याळ. प्रत्येक गटाला तीन-चारच नळ द्या. शिक्षकाने फेरीत शिकवायला जाऊ नये. फक्त बघावं आणि स्वतःच्या वहीत टिपावं: कोण तपासनिसाचं ऐकतं, कोण आकडा मनाने लिहितं, कोण अनोळखी माणसाशी धीटपणे बोलतं. पुढे मूल्यमापनाला याच नोंदी उपयोगी पडतात. वर्गात बोलती असलेली मुलं बाहेर बुजतात आणि वर्गात शेवटच्या बाकावर बसणारं एखादं पोर थेट पाणी सोडणाऱ्या काकांशी गप्पा मारत असतं, हेही दिसतं.

परत आल्यावर: आकड्यांशी झोंबाझोंबी

खरं शिकणं इथे आहे आणि नेमकी हीच पायरी आपण घाईत उरकतो, कारण फेरी झाली म्हणजे प्रकल्प झाला असं वाटतं. माझ्या मते फेरीला एक तास दिलात तर या कामाला चार तास हवेत.

आमच्या एका गटाचा हिशेब सांगते. एका नळाचे मिनिटाला ६० थेंब. दहा मिनिटांत मोजपात्रात १२० मिलिलिटर. म्हणजे ६०० थेंबांचे १२०, पाच थेंबांचा एक मिलिलिटर. तासाला ७२० मिलिलिटर. दिवसाला ७२० गुणिले २४, म्हणजे १७,२८० मिलिलिटर. मिलिलिटरचे लिटर करताना दोन गटांनी १७२ लिटर लिहिलं आणि एकाने १ लिटर ७२८. मी काहीच बोलले नाही. कोपऱ्यात बादली होती, दहा लिटरची. "तुमच्या उत्तराच्या किती बादल्या?" १७२ लिटरवाले बादलीकडे बघत राहिले. मग आपणहून खोडरबर शोधू लागले. दशांश चिन्ह कुठे द्यायचं हे नियमाने सांगून जेवढं पटत नाही, तेवढं ती बादली पटवते.

तेवढ्यात एक मुलगा म्हणाला, "पण बाई, नळ रात्रीपण एवढाच गळतो का?"

मी हे धरलंच नव्हतं. २४ ने गुणायचं, एवढंच माझ्या टाचणात होतं. मग ठरलं की शाळा सुटताना, पाच वाजता नळाखाली मोठी बादली ठेवायची आणि सकाळी नऊला मोजायची. सोळा तास. हिशेबाने यायला हवं होतं ११ लिटर ५२० मिलिलिटर. सकाळी बादलीत नऊ लिटरांच्या आसपास पाणी होतं. वर्गात दोन तट पडले: बादली सांडली म्हणणारे आणि हिशेब चुकला म्हणणारे. मग कोणीतरी म्हणालं, सकाळी टाकी रिकामी असते. दुसऱ्या दिवशी टाकी भरण्याआधी थेंब मोजले तर ३५ आणि भरल्यावर पुन्हा ६०. टाकीतलं पाणी उतरलं की दाब उतरतो आणि थेंब मंदावतात. विज्ञानाचा हा भाग माझ्या नियोजनात नव्हता. मुलांनी शेवटी पत्रात लिहिलं: 'एका दिवसात सुमारे १३ ते १७ लिटर.' एकच ठाम आकडा देण्यापेक्षा हे अधिक खरं होतं. 'सुमारे' हा शब्द चौथीच्या मुलांनी स्वतः होऊन वापरला, याचं मला आजही कौतुक वाटतं.

यानंतर चित्रालेख किंवा स्तंभालेख काढायचा. प्रत्येक नळाचा एक स्तंभ, सगळ्यात उंच आधी. प्रमाण मुलांनाच ठरवू द्या. एका चौकटीला एक लिटर धरलं की कागद पुरत नाही, दहा धरले की सगळे स्तंभ बुटके होतात. तेही शिकणंच.

उत्तर नेऊन देणं

प्रदर्शन भरवलंत तरी चालेल, पण ते गौण. मुख्य गोष्ट म्हणजे ज्या माणसाने विचारलं होतं त्याच्यासमोर मुलांनी उभं राहून उत्तर सांगणं. एक पानाचं पत्र पुरे: आम्ही काय मोजलं, कसं मोजलं, काय सापडलं, आमची विनंती काय. विनंती एकच, तीही नेमकी. 'पाणी वाचवा' ही विनंती नव्हे. 'मागच्या दारातल्या आणि हौदाजवळच्या अशा दोन नळांचे वॉशर बदलावेत, कारण सर्वांत जास्त पाणी या दोनमधून जातं' ही विनंती. पत्राची एक प्रत, त्यावर पोहोच, आणि वर्गात दर्शनी भागात ती पोहोच लावलेली.

पत्र मुलांच्या शब्दांत राहू द्या. शुद्धलेखन दुरुस्त करा, वाक्य नको. बालहक्कांच्या करारात (१९८९, संयुक्त राष्ट्रसंघ) बाराव्या कलमाने मुलांना त्यांच्याशी संबंधित बाबींत मत मांडण्याचा हक्क दिला आहे. त्यानंतर तीनच वर्षांनी, १९९२ मध्ये, रॉजर हार्ट या अभ्यासकाने मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तिच्या खालच्या तीन पायऱ्यांना ते सहभाग म्हणतच नाहीत: मुलांना वापरून घेणं, शोभेला उभं करणं आणि नावापुरतं बोलायला लावणं. माझी ती फलकांची फेरी दुसऱ्या पायरीवर होती. आता प्रत्येक प्रकल्पाच्या मध्यावर मी ही शिडी आठवते आणि बघते, निर्णय कोण घेतंय. वर्ग पहिलीचा असेल तर काही निर्णय माझेच असणार, त्यात गैर नाही. पण एकही निर्णय मुलांचा नसेल तर गाडी रुळावरून उतरली आहे.

मूल्यमापन

तक्ता किती रंगीत आहे यावर श्रेणी देऊ नका, कारण ती बहुधा पालकांना मिळते. प्रकल्पाआधी आणि नंतर त्याच घटकावरचे पाच-सहा प्रश्न लेखी द्या, म्हणजे गणित आलं की नाही ते कळेल. गटाच्या कामासाठी फेरीतल्या तुमच्या नोंदी. आणि प्रत्येक मुलाशी दोन मिनिटं तोंडी: "आपला कोणता आकडा तुला सगळ्यात कमी खात्रीचा वाटतो, आणि का?" या एका प्रश्नाने कोणी काम केलं आणि कोणी गटाच्या सावलीत राहिलं, हे लख्ख कळतं.

इयत्तेप्रमाणे काय झेपतं

पहिली-दुसरीला शाळेच्या आवारातच ठेवा. मधल्या सुट्टीत मैदानात सावली कुठे पडते, हा त्यांच्यासाठी उत्तम प्रश्न. सकाळी, दुपारी आणि शाळा सुटताना खडूने सावलीची कड आखायची, पावलांनी मोजायची. उत्तर कोणाला? मुख्याध्यापकांना, बाकं कुठे हलवायची ते ठरवायला. दोन आठवड्यांत संपतं आणि बाकं हललेली मुलांना रोज दिसतात.

तिसरी-चौथीला वरचा नळांचा प्रकल्प, किंवा शाळेसमोरचा रस्ता. दहा मिनिटांत किती वाहनं जातात हे ताळ्याच्या खुणांनी मोजायचं, चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी. त्याच वेळी रस्ता ओलांडायला किती सेकंद लागतात तेही. सिग्नलची वेळ ठरवताना पायी चालण्याचा वेग सेकंदाला साधारण १.२ मीटर धरण्याची पद्धत रूढ आहे. म्हणजे १२ मीटर रुंद रस्त्याला दहा सेकंद. पहिलीतली मुलं आणि आजी-आजोबा यांना प्रत्यक्षात किती लागतात, हे पदपथावर खडूने १२ मीटर आखून बघता येतं. त्यासाठी रस्त्यात उतरायची गरज नाही.

पाचवीला मी सुचवीन चाकाच्या खुर्चीची वाट. वाचनालय, दवाखाना, शाळा, कुठे कुठे चाकाची खुर्ची शिरू शकते? पायऱ्यांची उंची मोजायची. उतारासाठी १ ला १२ हे प्रमाण बऱ्याच ठिकाणी वापरलं जातं: एक सेंटिमीटर चढायला बारा सेंटिमीटर लांबी. पंधरा सेंटिमीटरच्या एका पायरीला १८० सेंटिमीटर उतार. आमच्या दारात तीन पायऱ्या, ४५ सेंटिमीटर. मुलांनी ५४० सेंटिमीटर खडूने आखत नेलं आणि रेघ फाटकाच्या बाहेर गेली. सगळे थबकले. मग कोणीतरी म्हणालं, "वळवायचा, जिन्यासारखा." गुणोत्तराचा धडा मी अजून सुरूही केला नव्हता.

वेळ आणि नेहमीच्या अडचणी

आठवड्याला दोन-तीन तास धरले तर पाच-सहा आठवडे लागतात. पहिला आठवडा प्रश्नाला, दुसरा तालमीला, तिसऱ्यात फेरी, चौथा-पाचवा हिशेब आणि पत्र, सहाव्यात भेट. ज्या घटकाचे तास तुम्ही तसेही घेणार होता तेच इथे वापरायचे. जादा तास काढायला लागले तर समजा की प्रकल्प घटकाला नीट जोडलेला नाही.

पालक कधी म्हणतात, "शिकवायचं सोडून नळ मोजताय." त्यांना वाद घालून काही पटत नाही. मुलाच्या वहीतला तो १७,२८० चा गुणाकार दाखवा. पाऊस आला, फेरी रद्द झाली, तर खोट्या नळाचा दुसरा प्रयोग तयार ठेवा. पटसंख्या साठ असेल तर निम्मा वर्ग फेरीला आणि निम्मा दुसऱ्या शिक्षकांकडे, अशा दोन पाळ्या करा. आणि गटातलं एकच मूल सगळं ओढत असेल तर भूमिका दर फेरीला बदला. हुशार मुलाला तपासनीस केलं की त्याला लिहायची मनाई असते, त्यामुळे बाकीच्यांना हात चालवावा लागतो.

एका महिन्याने

कॅलेंडरवर तारीख आधीच लिहून ठेवा. त्याच नळांवर, त्याच नियमांनी, तीच मोजणी. १९०० सालच्या नाताळात उत्तर अमेरिकेत सत्तावीस पक्षीप्रेमींनी पक्षी मोजायला सुरुवात केली. ती गणना दरवर्षी चालू राहिली, म्हणून आज शास्त्रज्ञ ती आधाराला घेतात. एकदाच मोजलं असतं तर ती एक गमतीची नोंद होऊन राहिली असती.

आमच्या दोन नळांपैकी एकाचा वॉशर बदलला होता: थेंब शून्य. दुसरा तसाच, मिनिटाला ६०. ज्यांनी बदलायचा होता त्यांनी मुलांना स्पष्ट सांगितलं की तो नळ पूर्ण नवा लागेल आणि ते पुढच्या तिमाहीत होईल. तोवर काय, यावर वर्गात बराच खल झाला. आता त्या नळाखाली बादली असते आणि ती रोज संध्याकाळी कोणत्या कुंड्यांना ओतायची, याची यादी मुलांनी शिपाईकाकांच्या खोलीबाहेर लावली आहे. तिमाही संपायला अजून पाच आठवडे आहेत. कॅलेंडरवर ती तारीखही गोल करून ठेवली आहे.